घरचं रगत

पोरांनो, रामदास दर दिवाळीनंतर आपल्या मुरबाडच्या आवारातलं गवत कापायला येतो, तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. यंदा तो येताना एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत त्याच्या बहिणीचे मुंबईच्या दवाखान्यातले कागद होते, सगळे इंग्रजीत. ते त्याला वाचून हवे होते. मी वाचले. त्यानंतर दोन दुपारी तो ओट्यावर बसून बोलला आणि मी लिहून घेतलं. शब्द त्याचे आहेत. मी फक्त थांबवून दोन-चार ठिकाणी विचारलं. तेवढं गाळलं आहे.

आजी

आमी डोळखांबच्या वरच्या अंगाचे. आता पाड्यापर्यंत सडक झाली, तेव्हा दीड तास चालायला लागायचं. भात थोडं, वरकस जमिनीवर नाचणी, आणि दिवाळी झाली की गवत. काय सांगू बाई तुम्हाला, आमच्याकडं गवत म्हंजे दुसरं पीकच, डोंगर पिवळा झाला की माणसं विळे घेऊन निघतात, भारे वाहतात, ते शहापूरच्या वखारीत पडतात, तिथं लोखंडी प्रेसमध्ये दाबून तारेनं गासड्या बांधायच्या आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. सातवी झाली आणि मी प्रेसवर लागलो. अंगात ताकद होती. दोन माणसांचा दांडा मी एकटा ओढायचो, हे मी मोठेपणा म्हणून नाय सांगत, पुढं त्याचं काम हाय म्हणून सांगतो.

बाप तापानं गेला तेव्हा यमी चार वर्षांची होती. यमुना नाव, पण यमीच. मग आय, मी आणि यमी. यमीचं तोंड कधी बंद नाय. भात लावताना बोलायची, भाकरी थापताना बोलायची, झोपेत बोलायची. आय बोलायची, यमे, जरा श्वास घे गो, तर ती बोलायची, श्वास घेऊनच बोलते आये, तू बघत नाय.

तिला वैशाखऱ्याला दिली, माळशेजच्या रस्त्याला. भास्कर नाव जावयाचं. शांत माणूस, एवढा शांत की लग्नात लोक विचारायचे नवरा बोलतो का नाय. यमी बोलली, दादा, बरं झालं, दोघं बोललो असतो तर ऐकायला कोण राहिलं असतं. भेंडी लावायचा तो. त्या टायमाला आमच्या दोन्ही तालुक्यांत भेंडीचं नवीन निघालं होतं, तिला फवारणी लागते, ते औषध यमी ड्रममध्ये हातानं ढवळायची, काठी हाताशी नसली की कोपरापर्यंत हात घालायची. हे मी नंतर ऐकलं. तेव्हा कोणाला त्यात काय वाटत नव्हतं, आमीपण तसंच करायचो.

लगीन होऊन दोन वर्षं झाली आणि ती भाऊबीजेला माहेरी आली. आयनं तेल-उटणं लावायला घेतलं. माहेरवाशीण आली की आय लहानपणासारखी पाटावर बसवायची. लुगडं सारलं तर दंडावर निळं, मांडीवर निळं, पाठीवर हिरवट-पिवळं. आयच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. कोणी मारलं गो. कोणी नाय. मंग हे काय. भारा उतरवताना लागलं असेल. आय बोलली, सगळ्या पोरी असंच सांगतात.

मी काळूरामला घेतलं, काळूराम म्हंजे माझा चुलतभाऊ, आणखी दोघं घेतले, आणि वैशाखऱ्याला गेलो. भास्कर भेंडी तोडत होता. मी काय विचारलं नाय. कानाखाली दिली, चार माणसांसमोर. तो पडला, उठला, टोपलीतली सांडलेली भेंडी गोळा करायला लागला. मंग बोलला, दादा, मी हात नाय लावला. मलापण कळत नाय कसं होतं. नुसतं मनगट धरलं तरी बोटं उमटतात. आमी हसलो बाई. काळूराम बोलला, आमची पोर काय लोण्याची हाय का. आणि आमी परत आलो. यमीला आयनं ठेवून घेतली.

आता बघा, तिला आमच्या घरात कोण मारणार? पण डाग येतच होते. जुने पिवळे व्हायचे, नवे निळे यायचे. आय बोलली, तिथला मार आता वर येतोय. आत मुरलेला मार मायेच्या माणसात आलं की वर येतो, असं तिनं ठरवलं आणि सगळ्या पाड्याला सांगितलं. मलाही पटलं. नवा डाग दिसला की भास्करच्या नावानं एक शिवी.

मंग तिच्या पायांवर बारीक लाल ठिपके आले, पिसू चावल्यासारखे, पण खाजत नव्हते, दाबले तरी जात नव्हते. बाभळीच्या काडीनं दात घासले की हिरड्यांतून रगत यायचं आणि दुपारपर्यंत थांबायचं नाय. महिन्याची अडचण आली तर पंधरा पंधरा दिवस. पाणी घेऊन येताना ती वाटेत बसायची. आणि बोलायची बंद झाली. ते मला सगळ्यात आधी कळायला पायजे होतं. श्वास पुरत नव्हता तिला बोलायला.

बाजारातल्या डॉक्टरनं काविळीनंतरचा अशक्तपणा बोलून लोहाचं टॉनिक दिलं, कारण वर्षाआधी तिला कावीळ झालेली, आणि कमरेत ताकदीचं इंजेक्शन दिलं. जिथं टोचलं तिथं वाटीएवढं काळं झालं. ताप आला, तोंडात फोड आले. मंग शहापूरला नेली. तिथल्या डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, ठिपके बघितले, आणि इंजेक्शन देणाऱ्याला शिवी दिली. रगत तपासलं तर तिन्ही गोष्टी कमी. लाल कमी, म्हणून दम लागतो. पांढऱ्या कमी, म्हणून ताप हटत नाय. आणि रगत गोठवणाऱ्या त्या बारीक पेशी, त्या तर नसल्यासारख्याच, म्हणून डाग. मी विचारलं, डॉक्टर, मारलं तर असे डाग येतात ना. तो बोलला, हिला मारायची गरजच नाही, हिला वारा लागला तरी डाग येईल.

तेव्हा माझ्या हाताला भास्करचा कान आठवला.

पुढं ठाण्याला कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून बघितला. तिथं काय निघालं तर चरबी. रगत करणारं काय शिल्लकच नाय. मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं, की हाडाच्या आत रगताचा राब असतो. आमी राब भाजतो, त्यात भाताचं रोप तयार करतो, मंग आवणीला शेतात नेतो. यमीचा राब सुकलेला. वरून टॉनिक ओतून काय उगवणार.

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला जगवायचं म्हंजे कल्याणला नेऊन रगत चढवायचं. इथं आमची जी गोष्ट झाली ती झाली. ब्लड बँकेत नियम असा, की तुमच्या माणसानं एक बाटली द्यायची आणि त्यांच्या फ्रीजमधली जुळणारी बाटली घ्यायची. आय बोलली, फ्रीजमधली कोणाची? ते बोलले, कोणाचीही. आय बोलली, नको. माझ्या लेकीच्या अंगात कोणा दारुड्याचं, कोणा रोग्याचं रगत मी जाऊ देणार नाय. घरात जवान भाऊ हाय, त्याचं घ्या. मलाही तेच वाटत होतं. मी तिथल्या माणसाला हात जोडून बोललो, साहेब, मी दिलेली बाटली तीच तिला द्या. तो वैतागला. अरे बाबा, रगताला काय नाव असतं का? मी बोललो, आमच्यात असतं. ग्रुप एकच होता, जुळवून बघितलं, जुळलं, त्यानं दिली.

त्या बाटलीनं यमीला रंग आला. दोन दिवसांत बोलायला लागली. दादा, तुझं रगत चढल्यापासून मला गवत कापायला जावंसं वाटतंय. आय सगळ्यांना सांगायची, बघा, भावाचं रगत कसं लागलं.

भास्कर कल्याणला आला होता. वॉर्डच्या बाहेर उभा. त्याचाही ग्रुप तोच निघाला. बाही वर करून बसला बिचारा. आयनं त्याची बाही खाली ओढली. ज्यानं मारलं त्याचं रगत माझ्या लेकीला नको. मी आयला बोललो, त्यानं नाय मारलं, डॉक्टर काय बोलला ते ऐकलं नायस का. आय बोलली, डॉक्टर वैशाखऱ्याला होता का बघायला. मी आणखी एकदा बोलायला पायजे होतं. नाय बोललो. एकट्यानं देण्यात मलाही गोडी लागली होती, हे खरं सांगतो.

एकदा दिलं की तीन महिने देता येत नाय. यमीला तर दर महिन्याला लागायचं. काळूरामनं दिलं एकदा, मामानं दिलं. मंग मी दुसऱ्या गावच्या बँकेत गेलो आणि नाव सांगितलं काळूराम. असं सात महिन्यांत पाच वेळा दिलं, दोनदा माझ्या नावानं, तीनदा काळूरामच्या. प्रेसवर एकदा दांडा ओढताना डोळ्यापुढं अंधार आला, गवतावरच पडलो. मुकादम बोलला, रामदास, आता दोन माणसं लागतात का रे दांड्याला. मला बरं वाटत होतं पडून.

ठाण्याच्या डॉक्टरनं यमीला गोळ्या चालू केल्या होत्या, पुरुषांच्या ताकदीचं काय तरी असतं त्यात, त्यानं कधी कधी राब परत जागा होतो. राब जागा नाय झाला, पण यमीच्या ओठावर लव आली आणि आवाज जाड झाला. पाड्यावर बोलायला लागले, पुरुषाचं रगत घेतलं की असंच होणार. यमी आरसा घेऊन बसायची. दादा, तुझ्या मिशा मला आल्या, आता माझा आवाज तू घे. हसताना हिरड्यांना कापूस लावून हसायची.

मुंबईच्या दवाखान्यात नेली तिथं एक डॉक्टरीणबाई होती. केस पांढरे, बोलणं हळू. तिनं आधी सगळं विचारलं. कुठली औषधं खाल्ली, कावीळ कधी झाली, शेतात काय फवारता, कारखान्यात काम केलं का. आयला वाटलं आता दोष भास्करवर येणार, म्हणून तिनं भेंडीचं सगळं सांगितलं. डॉक्टरीण बोलली, फवारणीनं होऊ शकतं, काविळीनंतर होऊ शकतं, काही औषधांनी होतं, आणि पुष्कळदा कशानं झालं ते कळतच नाही. बाई, तुमी आता कागद वाचलात, कारणाच्या पुढं काय लिवलंय? कळलं नाय असंच ना. मंग बरोबर.

तिनं नियम लावून दिले. पाणी उकळून, कच्चं काय नाय, काकडी नाय, दात घासायला मऊ ब्रश नायतर नुसतं बोट, ताप आला की घरी बसायचं नाय, अंगदुखीची गोळी मनानं खायची नाय, सुई फक्त शिरेत. आणि बोलली, वय कमी हाय, सख्खा भाऊ हाय, भावाचा मगज जुळला तर तो घालता येईल, बरी होऊ शकते. बहीण-भावाचं जुळतंच असं नाय, बरेचदा नाय जुळत. तपासलं. जुळलं. सगळंच्या सगळं. आयनं वॉर्डातल्या सगळ्यांना गूळ वाटला, नर्सनं यमीचा खडा काढून घेतला आणि उकळलेलं पाणी दिलं.

म्हंजे आवणीच होती. माझ्या राबातलं रोप तिच्यात लावायचं.

मंग एक दिवस डॉक्टरीणबाईनं मला एकट्याला आत बोलावलं, कागद भरायचे होते. आय आणि यमी बाहेर बाकड्यावर. ती विचारत होती, मी सांगत होतो, वय, वजन, दारू, आजार. मंग विचारलं, हिला आतापर्यंत रक्त कुणाचं दिलं? घरातल्या कोणाचं दिलं का? कागदावर काळूराम दिसतोय, हा कोण? मला वाटलं आता शाबासकी. मी बोललो, तो चुलत, पण त्याच्या नावाच्या तीन बाटल्या माझ्याच हायत. पाच वेळा मीच दिलं बाई. परक्याचा एक थेंब नाय जाऊ दिला.

तिनं पेन खाली ठेवलं.

ती रागावली नाय. तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं, बोलली. ज्याचा मगज घालायचा त्याचं रक्त आधी द्यायचं नसतं, रक्ताच्या नात्यातल्या कोणाचंच देऊ नये. अंग ते ओळखून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध तयार होतं. मंग त्याच माणसाचा मगज आला की ते फेकून देऊ शकतं. देईलच असं नाही. औषधं वाढवू, तरी करून बघू. तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

मी विचारलं, तिच्या नवऱ्याचं चाललं असतं?

ती बोलली, हो. ते जास्त बरं झालं असतं.

मला तेव्हा काय वाटलं ते आठवत नाय. तिच्या टेबलावर काचेखाली एक कॅलेंडर होतं, त्यात होड्या होत्या. त्या होड्या आठवतात. चार होत्या.

बाहेर येऊन मी आयला सांगितलं, आता माझी ताकद मगजासाठी राखायची हाय, म्हणून रगत बाहेरचं घ्यायचं. आय कुरकुरली पण ऐकली. मंग मी वैशाखऱ्याला गेलो. भास्कर भाताचा पेंढा रचत होता. भावजी, बोललो, चला, रगत द्यायचंय. त्यानं पेंढा तसाच टाकला. मारल्याचं मी काय बोललो नाय, त्यानंही नाय. रस्त्यावर गाडीची वाट बघत उभे राहिलो. तो एवढंच बोलला, दादा, ती बोलते का आता?

पण यमीला कसं कळलं ठाऊक नाय, नर्स आपसात बोलल्या असतील. आय चहाला गेली होती तेव्हा ती जाड्या आवाजात बोलली, दादा, तुझं रगत माझ्या अंगात भांडतंय का रे? मी तिची चादर सारखी केली. ती बोलली, लहानपणी तू मला कधी मारलं नायस, ते सगळं आता काढतोयस वाटतं. आणि हसली. मंग माझं बोट धरून बोलली, आयला नको सांगू. आय बोलली होती ना घरचंच द्या, हे कळलं तर ती जगायची नाय. शपथ घे. मी घेतली.

आधी कडक औषधं दिली, त्यानं तिचे केस गेले, तिला काचेच्या खोलीत ठेवलं. मला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढला. मला वाटलं होतं हाड कापून हाडात घालतील, तर तसं काय नाय, रगतासारखी लाल पिशवी, शिरेतून चढवली, ती आपली आपण हाडात जाते बोलले. पाड्यावर सांगत होते, रामदासचा मगज काढला, तो आता उभा राहणार नाय. आठ दिवस कंबर दुखली, महिन्यानं मी प्रेसवर होतो. तेवढंच असतं ते. देणाऱ्याला काय होत नाय.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या पेशी वाढायला लागल्या. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आली. काचेच्या आतून यमीनं दोन्ही हात वर केले, डाग नव्हते. भास्कर काचेला हात लावून उभा होता आणि आय त्याला बोलली, जावई, जरा सरका, मलापण बघू दे. पहिल्यांदा जावई बोलली.

मंग त्या पेशी खाली आल्या. रोज थोड्या. रोज सकाळी आकडा विचारायचा आणि तो कालच्यापेक्षा कमी. डॉक्टरीण बोलली, टिकलं नाही. औषधं दिली, ती तेलासारखी उग्र वासाची दुधातून द्यायची ती दिली, परत एकदा मगज घ्यायचं बोलत होते, पण आधी ताप आला. तापाला अडवायला आत कोणी नव्हतं. पाच दिवस. शेवटचे दोन दिवस ती बोलली नाय. एवढंच.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. भास्करनं दुसरं लगीन केलं, आयनंच जोर केला, दोन पोरं हायत त्याची. दिवाळीला येतात आमच्याकडं, आय त्यांना पाटावर बसवून तेल लावते. भास्कर आता ड्रममध्ये हात घालत नाय, पोरांना फवारणीच्या दिवशी शेतावर येऊ देत नाय.

मी मुरबाडला कॅम्प असला की रगत देतो. माझ्या नावानं, तीन महिन्यांनी. ते विचारतात कोणासाठी. मी बोलतो, कोणासाठी नाय. त्यानं बरं वाटतं असं नाय. बिस्कीट देतात, ते खातो, येतो.

आणि आय. आय कुठल्या लग्नात, बारशाला गेली की सांगते, माझ्या लेकानं बहिणीला पाच वेळा रगत दिलं, मगज दिला, परक्याचं रगत घातलं नंतर आणि तिथं बिघडलं. असं सांगते ती बाई. परक्याच्या रगतानं बिघडलं. समोर भास्कर बसलेला असतो, तो खाली बघतो. त्याला ठाऊक हाय, मी त्याला सांगितलं, तेवढं त्याचं माझ्याकडं देणं होतं. त्यानंही आयला नाय सांगितलं.

आता तिचे डोळे अधू झालेत. यंदा भाऊबीजेला तिनं पेटीतनं ही पिशवी काढली आणि बोलली, रामा, मी मरायच्या आधी मला ऐकायचंय यात काय लिवलंय. मुरबाडच्या बाईंना इंग्रजी येतं, वाचून घे आणि मला येऊन सांग. म्हणून आलो. मला वाटलं होतं कदाचित लिवलंच नसेल. पण तुमी वाचलंत, तिसऱ्या पानावर हाय, भावाचं रगत पाच वेळा, आणि पुढं जे काय ते. बरोबर हाय. असूदे.

बाई, हे सगळं तुमी नातवंडांना धाडा, माझी हरकत नाय. ती लांब हायत, शिकलेली हायत. त्यांना सांगा, रगत द्या, घाबरू नका. पण घरच्या माणसाला द्यायच्या आधी डॉक्टरला विचारा. त्यांची हाडं भरलेली राहू देत.

आणि मला एक छोटा कागद मराठीत लिवून द्या. मी सातवी हाय, वाचून दाखवीन तिला. त्यावर एवढंच लिवा, की भावानं पाच वेळा रगत दिलं. पुढचं नको. दवाखान्यातल्या कागदावरूनच घेतलंय, म्हंजे ते खोटं नाय.